वजनकाटा त्यांच्यासाठीही आहे

परवा एक आई तिशीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला स्किझोफ्रेनिया, ओलान्झापिन चालू, भास आटोक्यात. पण महिनाभर सारखी तहान, रात्री चार-पाचदा लघवीला उठणं. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच : 'मानसिक रुग्ण, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.' मी बोट टोचून साखर पाहिली. तीनशेच्या वर!

संताप अजून उतरलेला नाही. ओलान्झापिननं भूक खवळते, वजन चढतं, साखर वाढते. हे पुस्तकात आहे, पण एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. हे मी अनेकदा लिहिलंय, पेपर सुरू होईपर्यंत लिहिणार. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा असतो. म्हणजे रोज ज्यावर आपली ओपीडी चालते, तोच आजार.

आता क्षयरोग बघा. रुग्णाची 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर नोंद होते. गोळ्या चुकल्या की आशाताई दारात उभ्या राहतात, आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. रुग्णाची नोंद न करणाऱ्या डॉक्टरला कायदा विचारतो. उपचार साधारण सहा महिन्यांचे, तरी एवढी राखण. स्किझोफ्रेनियाचं औषध वर्षानुवर्षं घ्यायचं, आणि 'मला काही झालेलंच नाही' असं वाटणं हा त्या आजाराचाच भाग. पाठपुरावा खरं तर इथं जास्त हवा. पण या आजारावरच्या फ्लुफेनाझिनच्या इंजेक्शनची तारीख उलटली तर दार कोण वाजवतं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. माझ्या पेशंटांच्या दारात मात्र त्यातलं कुणी आलेलं मी पाहिलं नाही. क्षय पसरतो म्हणून सरकार धावतं, असं मित्र म्हणतात. मान्य. पण औषध सुटलेल्या मुलामागे आईची नोकरी जाते, बहिणीचं लग्न अडतं. हेही घरभर पसरणंच आहे.

फॅमिली डॉक्टरनं करायचं ते फार नाही. वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल : सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग दर वर्षी. बद्धकोष्ठ आवर्जून विचारायचं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्याच औषधावर तो जिवावर बेततो. बिडी-सिगारेट सुटली तर रक्तात ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन्ही औषधांचं प्रमाण वाढतं, तेव्हा तज्ज्ञांना फोन करायचा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

आणि एक वही ठेवायची. आमच्याकडे इंजेक्शनच्या तारखा त्यात लिहिलेल्या असतात. तारीख टळली की दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर घरी फोन लावतो. वहीला निधी लागत नाही.