गुरुवारपर्यंतचं दुःख

मराठी मालिकेत माणूस मरतो तेव्हा तो बहुतेक वेळा कथेच्या गरजेनं मरत नाही. नटाच्या तारखा संपलेल्या असतात, नाहीतर त्याला सिनेमा मिळालेला असतो, किंवा आकडे खाली आलेले असतात आणि चॅनेलच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, 'एक मोठं काहीतरी करू या.' या मोठ्या काहीतरीला तिथल्या भाषेत 'ट्रॅक' म्हणतात. लग्न हा ट्रॅक, अपहरण हा ट्रॅक आणि मरण हाही ट्रॅक. आधी प्रोमो येतो, मग रविवारचा महाएपिसोड, आणि गुरुवारी बार्कचे आकडे आले की ठरतं, घरातल्यांनी अजून किती दिवस रडायचं.

मी पुसेगावचा. सेवागिरी महाराजांचं साताऱ्याकडचं पुसेगाव नव्हे. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आमच्याकडे रडायचे दिवस आकडे ठरवत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघतात, मग तेरवी. चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या घरातून भाकरी-पिठलं येतं, त्याला कडू घास म्हणतात. सोयरे दुखवटा घेऊन येतात. वर्षाचा पहिला सण येतो तेव्हा पुन्हा सगळे येऊन बसतात, कारण त्या दिवशी त्या घरात कुणाला एकटं सोडत नाहीत. या पद्धतीत सगळं चांगलंच आहे असं मुळीच नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच. पण एक गोष्ट या पद्धतीला कळलेली आहे आणि मालिकावाल्यांना कळलेली नाही: दुःखाला दिवस लागतात.

आता कुणी म्हणेल, दिवस तर मालिकेकडेच आहेत! सिनेमाला दोन तास मिळतात, मालिकेला वर्षंच्या वर्षं. बरोबर, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. ज्या माध्यमाकडे आठवड्याचे सहा दिवस आणि रोजची बावीस मिनिटं आहेत, त्यानं दुःख इतकं घाईनं उरकावं, हा करंटेपणा आहे.

एपिसोड कसा बनतो ते बघा म्हणजे घाई कुठून येते ते कळेल. कथा एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. संवादाची पानं कधीकधी सीन लागायच्या तासभर आधी सेटवर येतात. एपिसोडची 'बँक' रिकामी असते, म्हणजे आज शूट झालेलं दोन-तीन दिवसांत दाखवायचं असतं. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये एक अख्खा एपिसोड, जमलंच तर थोडा जास्त, गुंडाळायचा असतो. सीन क्रमानं होत नाहीत. सकाळी नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडलेली बाई दुपारी मेकअप बदलून त्याच नवऱ्याच्या वाढदिवसाचा केक कापते, कारण हॉलचं लायटिंग एकदाच लावायचं असतं. डोळ्यात ग्लिसरीन. मग प्रत्येकाच्या 'रिॲक्शन' घ्यायच्या: सासूचा क्लोज, जावेचा क्लोज, दारात उभ्या व्हिलनचा क्लोज. एडिटला त्यावर ढण्ण करून संगीत. अशा परिस्थितीतही काही नट-नट्या खरं काहीतरी करून दाखवतात, त्यांना माझा सलाम. माझं भांडण त्यांच्याशी नाही, स्पॉटदादांशी नाही, एडिटरशीही नाही. ज्यांनी हे वेळापत्रक बनवलं आणि ज्यांना ते बदलता येतं, त्यांच्याशी आहे.

संगीताचंच घ्या. अमेरिकेत 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' नावाची मालिका होती. भुताखेतांची, कॉलेजातल्या पोरांची, रोज कुणीतरी मरायचं आणि कधी परतही यायचं. तिचा 'द बॉडी' हा भाग २७ फेब्रुवारी २००१ रोजी दाखवला गेला. नायिका घरी येते तर आई सोफ्यावर मरून पडलेली. भूत नाही, राक्षस नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली. जॉस व्हेडननं स्वतःची आई गेल्याचा अनुभव मनात ठेवून तो भाग लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. पोरगी आईची छाती दाबते तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज येतो. नंतर तिला उलटी होते आणि ती त्या उलटीवर कागदी टॉवेल टाकते. आई मेलेली आणि ही फरशी झाकतेय. ज्याच्या घरात कुणी गेलंय त्याला हे लगेच ओळखू येईल. आपणही असंच काहीतरी फालतू करत असतो, गॅस बंद केला का बघतो, चपला सरळ करतो.

ते करायला जास्तीचे पैसे लागले नव्हते. उलट संगीताचे वाचले असतील.

'मराठी प्रेक्षकाला हे झेपत नाही' हे उत्तर मला पाठ आहे. मग २०१६ चं 'रात्रीस खेळ चाले' आठवा. झी मराठीवरची ही मालिका सुरूच झाली अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. सिंधुदुर्गात आकेरी गावात खऱ्या वाड्यात शूटिंग, भाषेत मालवणी, चेहरे बरेचसे नवे. वाड्यात जमलेलं कुटुंब, कोण कुठे झोपणार, कुणाला किती दिवस रजा, जमिनीचं कुणी आधी बोलायचं, हे सगळं त्या सुरुवातीच्या भागांत होतं. माणूस गेल्यावर घर कसं वागतं हे मराठी टीव्हीवर इतकं जवळून क्वचितच आलं असेल. लोकांनी ते बघितलं, अगदी डोक्यावर घेतलं. म्हणजे झेपतं. पण चॅनेलला त्यातलं काय विकलं गेलं असं वाटलं? भीती. मग दुःख मागे पडलं आणि रहस्य पुढे आलं. अंधश्रद्धेचा आक्षेपही झाला. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते अण्णा जिवंत असतानाच्या काळाचं. ते रंगतदार होतं, माधव अभ्यंकरांनी अण्णा धमाल केले, मीही बघितलं. पण ज्या मालिकेची सुरुवातच एका मरणानं झाली होती, तिथं त्या मरणाचं पुढे काही उरलं नाही.

दुसरं उदाहरण स्टार प्रवाहचं, 'आई कुठे काय करते', डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. चाळिशी ओलांडलेली बाई घटस्फोट घेते, स्वतःच्या पायावर उभी राहते, पुन्हा लग्न करते. हे रोज संध्याकाळी घराघरात दाखवणं सोपं नव्हतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. नंतर त्या दुसऱ्या नवऱ्याला, आशुतोषला, अपघातात मारलं. आता हाताशी काय आलं होतं बघा: दोनदा लग्न केलेली बाई, विधवा झालेली, समाज जिला म्हणणार 'हिच्या नशिबातच नाही'. कुठल्याही लेखकानं यावर सहा महिने काढावेत. पण रोजच्या मालिकेत शोक करणारी नायिका फार दिवस परवडत नाही. तिला 'सावरावं' लागतं, कारण पुढचा ट्रॅक दारात उभा असतो.

यावर 'मालिका बघू नका मग' एवढंच म्हणणार असाल तर थांबा. याचा आमच्या गावाशी, आमच्या बायकांशी थेट संबंध आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागदावर झालं. आता गावात हे खरंच बदलायचं कसं? तेराव्याच्या गर्दीत उभी असलेली म्हातारी आत्या परिपत्रक वाचत नाही, ती टीव्ही बघते. टीव्हीवर तिनं वर्षानुवर्षं काय बघितलं? भिंतीवर आपटणारा हात, स्लो मोशनमध्ये उडणाऱ्या काचा, पुसलेल्या कुंकवाचा डाग. चांगल्या लायटिंगमध्ये. तो शॉट घेणाऱ्याला वाटतं, आपण वेदना दाखवतोय. आमच्या गावात पोहोचतो तेव्हा तो नियम बनून पोहोचतो: असंच करतात. पांढरे कपडे हा असाच नियम. आमच्याकडे मातीला माणूस अंगावर असेल त्या कपड्यात धावतो, शेतातून तसाच, पायाला चिखल. पांढरे कुर्ते आणि पांढऱ्या साड्या हिंदी सिनेमातून मालिकेत आल्या आणि आता आमच्याकडच्या शहरी पाव्हण्यांच्या अंगावर दिसायला लागल्यात.

२०१५ च्या अखेरीपासून बार्क ग्रामीण घरांचेही आकडे मोजतं. म्हणजे आमचं बघणं मोजलं जातं. आमचं मरण मात्र स्क्रिप्टमध्ये नाही.

आमच्या भागातलं मरण कसं असतं ते सांगतो. सोयाबीन गेलं, हळदीचा भाव पडला, कर्ज आहे, आणि एका सकाळी माणूस नाही. बाईनं रडायचं ते नंतर. आधी पंचनामा. मग तहसील. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते की हे मरण 'पात्र' की 'अपात्र'. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवाना असलेल्या सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरलं तर एक लाख: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. गेली कित्येक वर्षं हा आकडा हललेला नाही. बिनपरवान्याच्या सावकाराचं कर्ज असेल तर बाईच्या हातात पुरावाच नसतो. तिचा नवरा मेला हे खरं, पण तो योग्य कारणानं मेला हे तिनं कागदानं सिद्ध करायचं. दरम्यान वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे, आणि दीर म्हणतो, जमिनीचं नंतर बघू. मला सांगा, यापेक्षा ताणलेला ट्रॅक कुठल्या लेखकाला सुचणार आहे? हुक पॉइंट पाहिजे ना? 'अपात्र' हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईचा चेहरा. तिथं फ्रेम थांबवा.

आणि आमच्या बायकांचं रडणं. हेल काढून, शब्दांनिशी रडतात. त्यात हिशोब असतो: गेलेल्यानं बाजारातून काय आणलं होतं, कुठला बैल त्याचा लाडका, शेवटचं भांडण कशावरून, लेकीचं लग्न कुणाच्या भरवशावर ठेवलं. त्यात आरोपही असतात, सगळ्यांसमोर, नावानिशी. ऐन गर्दीत सासूला सुनवायची ती एकच संधी असते आणि कुणी अडवत नाही. मालिकेतली बाई मात्र 'नाहीऽऽ' एवढंच म्हणते.

'लोक आपलं दुःख विसरायला टीव्ही बघतात' हा शेवटचा बचाव. तो पूर्ण खोटा नाही. आमच्याकडे अशा बाया आहेत की ज्यांना स्वतःच्या घरात रडता आलं नाही, आणि साडेसातच्या मालिकेत कुणी मेलं की त्या ढसाढसा रडतात. त्यांच्यावर रील बनवून हसणारे तुमच्या-माझ्या वयाचे असतात, हे जाता जाता. पण त्या बाया विसरायला बसलेल्या नसतात. त्या रडायला जागा शोधत असतात. अशा प्रेक्षकाला तुम्ही ग्लिसरीन देता आणि गुरुवारी ती जागाही काढून घेता.

पडद्यामागचं दुःखही हा धंदा असंच वागवतो. आपल्याकडे 'प्रयोग थांबत नाही' याचा मोठा अभिमान. सकाळी वडिलांना अग्नी दिला आणि संध्याकाळी मेकअप केला, अशा गोष्टी कौतुकानं सांगितल्या जातात. कौतुक नटाच्या हिमतीचं करा, पण त्याला त्या संध्याकाळी मेकअप का करावा लागला, हेही विचारा. करोनात शूटिंग पुन्हा सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्यांना सेटवर बंदी होती. ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. ते योग्यच होतं. म्हाताऱ्या नटालाही पोट असतं. पण काम करायचा हक्क मिळाला म्हणजे काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी वाढते. २२ सप्टेंबर २०२० रोजी आशालता वाबगावकर साताऱ्यात करोनानं गेल्या. वय ७९. 'आई माझी काळूबाई'च्या चित्रीकरणासाठी त्या तिथे होत्या, सेटवरच्या आणखी अनेकांना लागण झाली होती. निर्मात्या अलका कुबल शेवटपर्यंत त्यांच्यासाठी धावपळ करत होत्या, त्यांच्या डोळ्यातलं पाणी ग्लिसरीनचं नव्हतं. मालिका थोड्या दिवसांत पुन्हा सुरू झाली. एका निर्मात्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. रोज एपिसोड गेलाच पाहिजे हा करार मुळात चॅनेलचा असतो. एखादा दिवस काळी पाटी दाखवायची मुभा त्यात का नसावी?

चॅनेलवाल्यांकडे माझं मागणं अवघड नाही. पुढच्या वेळी पात्र मारायचं ठरलं की संवादलेखकाला चार दिवस आधी पानं द्या आणि त्याला एखाद्या गावात तेरवीला पाठवा, जेवायला नाही, बसायला. बांगड्या फोडायचा शॉट लिहून आला तर ईपीनं तो खोडावा. एक एपिसोड, फक्त एकच, संगीताशिवाय जाऊ द्या. आणि मेलेला माणूस दोन महिन्यांनी, कुठल्याही ट्रॅकशिवाय, कुणाच्या तरी बोलण्यात येऊ द्या: भाजी निवडताना, रेशनकार्डावरचं नाव कमी करताना. सेनगावच्या तहसीलसमोर त्या कामाची रांग असते. कॅमेरा लावायला जागाही भरपूर आहे.