गाण्यांची कणगी

कर्जत-खालापूरकडे दिवाळीच्या आगेमागे भात कापून होते आणि कणगी भरते. वर्षाचे धान्य घरात आहे म्हटले की गृहिणी निश्चिंत! गाण्याच्या बाबतीत मात्र आपण सारे रोजचे रोज आणून खाणारे झालो आहोत. महिन्याची वर्गणी भरली तर गाणे. इंटरनेट गेले की घर मुके. शिवाय आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठल्याही कंपनीकडे मिळायच्या नाहीत. त्या कपाटातल्या एखाद्या कॅसेटवर असतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा दमट पावसाळा त्या फितीला बुरशी आणायला टपलेला असतो.

यावर उपाय म्हणजे घरचा संगीत-सर्व्हर. नाव भारदस्त, वस्तू साधी. अडगळीतला लॅपटॉप चालू असेल तर तोच घ्या. नसेल तर २०१२ साली निघालेला ‘रास्पबेरी पाय’ नावाचा, तळहातावर मावणारा संगणक पुरतो. त्याला एक टेराबाइटची डिस्क जोडा आणि ‘नॅव्हिड्रोम’ किंवा ‘लिरियन’ हा प्रोग्रॅम बसवा. दोन्ही फुकट आहेत. मग राउटर चालू असला की घरातल्या कोणत्याही फोनवर गाणे वाजते. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी अडत नाही.

मावते किती, असे विचाराल. भरलेल्या सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट असतात. ‘फ्लॅक’ पद्धतीने साठवल्यास आवाजात काहीही उणे न होता जागा साधारण निम्मी लागते. म्हणजे अडीच हजारांवर सीडी एका डिस्कवर!

आता वीज. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली खरी. पण वादळी पावसात घरातला दिवा कधी जाईल याचा नेम नसतो. हा छोटा संगणक थोड्याच वॉटवर चालतो. तो आणि राउटर एका लहान यूपीएसवर ठेवा. वीज अचानक गेल्याने डिस्कवरचा मजकूर बिघडण्याची भीतीही त्याने कमी होते.

कॅसेटचे काम मात्र सवडीचे. प्लेअरमधून वायर संगणकाला जोडून ‘ऑडॅसिटी’त ध्वनी उतरवायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे लागणारच. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच वाजवू नका. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. उतरवलेल्या प्रत्येक ध्वनीला नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहा. आवाज कोणाचा हे सांगणारी माणसे आज घरात आहेत. त्यांना आजच विचारलेले बरे.

आणि शेवटची गोष्ट. डिस्क आज ना उद्या बिघडतेच, आणि उल्हास-पाताळगंगेच्या काठच्या लोकांना पुराचे वेगळे सांगायला नको. म्हणून दुसरी प्रत हवी, तीही दुसऱ्या घरात. भाऊबीजेला बहिणीकडे जालच. ओवाळणीच्या ताटात यंदा आजीच्या आवाजाची एक डिस्क ठेवा.