डॉक्टरसाहेब, आधी तुमची शुगर सांगा

मधुमेह तपासणीच्या शिबिरांवर मागे लिहिलं तेव्हा काही डॉक्टर मंडळी रुसली होती. आता पुन्हा रुसतील. या आठवड्यात बारामतीत आणखी एक शिबिर झालं. इंदापूरकडून माणसं सकाळी उपाशीपोटी येऊन रांगेत बसली, बोटं टोचून घेतली. मंचावरच्या एकाही डॉक्टरनं बोट पुढं केलं नाही. भाषणं आटोपताच मंचावर चहा आला, वर पेढे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात साखरेला नाही म्हणायला छाती लागते, हे मान्य!

डॉक्टरला कसली शुगर, असं पेशंट धरून चालतो. डॉक्टरही तेच धरून चालतात, हे जास्त वाईट.

म्हणून मला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आवडतात. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय 22.3. वजनकाट्याच्या लेखी दोघंही ठणठणीत. चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि आपले याज्ञिक 21.2! मधुमेहाचा एवढा मोठा तज्ज्ञ, पण शरीर इथल्या मातीचंच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी बाळं मोजली, तिथंही हेच. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळाचं 3.5. अंगावर मांस कमी, चरबी मात्र फारशी कमी नाही.

इंदापूरच्या जिराईत गावातला पोरगा एमबीबीएस झाला म्हणून हा पिंड बदलत नाही. उलट शेतातलं चालणं सुटतं, ओपीडीची खुर्ची येते, दुपारचं जेवण चार वाजता होतं. रात्रपाळीची वर्षं वाढतात तसा मधुमेहाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या नर्सेसच्या अभ्यासात दिसलंय. दिवाळीत औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींनी आणलेल्या मिठाईच्या बॉक्सांचाही यात हात असणार. पुरावा नाही, पण संशय पक्का आहे. आयसीएमआरच्या 2023च्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण खेड्यात 8.9 टक्के, शहरात 16.4. आमचे बहुतेक डॉक्टर कुठं राहतात, ते सांगायला नको.

बारामतीत 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या पोरांनी पुढच्या शिबिरात टेप घेऊन आधी मंचावर चढावं. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची 80च्या. मग उपाशीपोटीची शुगर. डॉक्टरांचे आकडे एका फळ्यावर लिहा, रांगेतल्यांचे शेजारच्या. नावं नकोत, नुसते आकडे लिहा. आणि पेढे त्यानंतर वाटा.