कोपऱ्यात बसलेला माणूस

‘वीरधवल’कार नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तरुणपणी शिकारीस गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. पाय कायमचे अधू झाले. पुढे अंथरुणावरचे वाचन, आणि त्यातूनच लेखन. ती अद्भुतरम्य कादंबरी १९१३ सालची. १९२८ साली ते वारले.

अशा घरात मुलांना काय दिसत असेल? नुसता बसलेला बाप! आमचे वडील दरबारी गवई. पहाटे एका षड्जावर तास तास बसत. आम्हांस तो रिकामपणा वाटे. एकदा आईने मधूनच उठवून त्यांना बाजारात धाडले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा तंबोऱ्यास हात लावला नाही.

भोपाळातील आपल्या घरी कोणी वही घेऊन कोपऱ्यात बसले असेल, तर भाजी दुसऱ्या कोणाकडून आणवावी, एवढीच विनंती.