खोगीरभरती नको, बैठक हवी

मोटरसायकलचा लांबचा प्रवास म्हटलं की लडाखला निघालेली, जाकीट-बूट घातलेली तरुण मुलं डोळ्यांसमोर येतात. मला मात्र वेगळीच माणसं दिसतात. चार तालुक्यांतले दवाखाने पालथे घालणारा औषध कंपनीचा एमआर, तालुक्याच्या गावाहून वस्तीशाळेवर जाणारे गुरुजी, वसुलीला फिरणारा पतसंस्थेचा माणूस, गणपतीला बायकोला मागे बसवून मुंबईहून कोकणात निघालेला चाकरमानी. एसटीची वेळ जमत नाही, चारचाकी परवडत नाही, म्हणून ही माणसं मोटरसायकलवर आहेत. संध्याकाळी गाडीवरून उतरताना सगळ्यांची तक्रार एकच असते: कंबर धरली, बूड बधिर झालं.

या दुखण्याला आपल्याकडे कुणी दुखणं मानत नाही. ‘होईल सवय’ म्हणून विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. बूड बधिर झालेला माणूस गाडीवर सारखी चुळबुळ करतो, त्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या शरीराकडे असतं आणि समोरचा खड्डा त्याला उशिरा दिसतो. चांगलं सीट ही चैन नाही. ब्रेक आणि टायर यांच्याइतकाच तो सुरक्षेचा भाग आहे.

पण ‘सीट टोचतंय’ म्हटलं की पहिला उपाय सुचतो तो सीट मऊ करण्याचा. वरून एक जाड, लुसलुशीत फोम घातला जातो. दुकानात बोटाने दाबून पाहिलं की छान वाटतं, पहिले दहा किलोमीटर तर झोपाळ्यावर बसल्यासारखे जातात. तासाभराने मात्र दुखणं दुपटीने परत येतं. ही निव्वळ खोगीरभरती झाली.

असं का होतं, ते समजून घेतलं पाहिजे. आपण बसतो तेव्हा शरीराचा बहुतेक भार कटीच्या तळाशी असलेल्या हाडांच्या दोन टोकांवर येतो. हा भार पेलायला ती टोकं समर्थ असतात, अट एवढीच की खालून त्यांना घट्ट आधार हवा. फार मऊ फोममध्ये ती खोल रुततात, फोम पुरता दबतो आणि त्याचा दम संपतो. मग हाडं जवळपास खालच्या प्लास्टिकच्या पाट्यावरच टेकतात. शिवाय माणूस खाली गेल्यामुळे माकडहाडावर आणि दोन मांड्यांमधल्या नाजूक भागावर दाब येतो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. त्या दबल्या की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. सीटचं खरं काम भार रुंद जागेवर वाटून देणं हे आहे. त्यासाठी फोम खाली कडक आणि वर थोडासाच मऊ लागतो.

फोम विकत घेताना आणखी एक घोळ होतो. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असं सांगतो आणि आकडा मोठा म्हणजे फोम कडक, असं गिऱ्हाईक धरून चालतं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा हा वेगळा गुण आहे. जड फोमही मऊ असू शकतो आणि हलका फोमही कडक. म्हणून आकडा विचाराच, पण तुकडा खाली ठेवून त्यावर गुडघा टेकवून सगळा भार टाका. गुडघ्याला फरशी लागली, तर तो फोम सीटच्या तळासाठी उपयोगाचा नाही. मेमरी फोमचं तर आपल्या हवेत वेगळंच आहे. तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत ताठरतो. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर त्याचा जाड थर काय आधार देणार?

आता मोजमाप. हे घरच्या घरी होतं. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा लाकडी स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, थोडं पुढे वाका आणि मिनिटभर तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १० ते १४ सेंटिमीटर भरतं, बायकांचं बहुधा पुरुषांपेक्षा थोडं जास्त. तुमच्या सीटचा सपाट भाग या मापाहून दोन्ही बाजूंना भरपूर रुंद असायला हवा. हाडं सीटच्या उतरत्या कडांवर येत असतील, तर कितीही महागडा फोम घाला, सुख लागणार नाही.

माप हातात आलं की सीटवाल्याकडे जा. पुण्यात नाना पेठेत जा किंवा तुमच्या तालुक्याच्या स्टँडमागे, रेक्झिनचे गठ्ठे टांगलेलं दुकान कुठेही सापडतं. चांगला कारागीर आल्याआल्या सीट उघडत नाही. तो तुम्हाला गाडीवर बसवतो, हात हँडलवर ठेवायला लावतो आणि बाजूला उकिडवा बसून बघतो. सीट टाकीकडे उतरतं असेल तर माणूस घसरत पुढे येतो, मग मनगटं दुखतात. कारागीर खडूने बसण्याच्या जागेची खूण करतो. मग सीट उलटं करून स्क्रू ड्रायव्हरने एकेक पिन उचकटतो, पक्कडीने ओढतो. कव्हर निघालं की जुना पिवळा फोम दिसतो. जिथे रोजचा भार पडला तिथे तो दबून चकचकीत झालेला असतो. त्यावर तळहात फिरवताच गाडीवाला कुठल्या बाजूला कलून बसतो तेही त्याला कळतं. हॅक्सॉच्या पानाने तो दबलेला भाग कापून काढतो, त्या जागी रंगीत तुकड्यांचा घट्ट रिबॉन्डेड फोम सोल्युशनने चिकटवतो, वर मऊ फोमचा पातळ थर देतो आणि ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून कडा गोल करतो. फोमची बारीक पिवळी धूळ दुकानभर उडते. या माणसांनी तोंडाला मास्क लावायला हवा, असं मला दर वेळी वाटतं.

इथे घाई करायची नाही. कव्हर चार पिनांवर तात्पुरतं लावायला सांगा आणि तासभर गाडी चालवून या. टोचणारी कड, चुकलेला उतार, जास्तीची उंची, सगळं त्या तासात कळतं. पक्की शिलाई त्यानंतर. बसण्याच्या जागेवर शिवण नकोच. ती टोचते आणि पावसाळ्यात टाक्यांच्या भोकांतून पाणी फोममध्ये मुरतं. कव्हरखाली पातळ प्लास्टिकचा कागद घालून घ्या. उंचीचंही भान ठेवा. सीट इंचभर वाढलं की गुडघ्यांना आराम मिळतो, पण सिग्नलला पाय टेकत नसतील तर तो आराम धोक्याचा आहे. अशा वेळी सीटचं पुढचं टोक दोन्ही बाजूंनी निमुळतं करून घ्यावं, म्हणजे पाय सरळ खाली जातात.

सगळ्यांना एवढं करणं जमणार नाही. गाडी भाड्याची असेल, वॉरंटीची भीती असेल, तर वरून बांधायच्या गाद्या आहेत. हवेच्या गाद्यांचा उगम लक्षात घेण्यासारखा आहे. ‘एअरहॉक’ ही मोटरसायकलची गादी बनवणारी रोहो ही अमेरिकी कंपनी मुळात व्हीलचेअरच्या गाद्या बनवते, दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून. अशा गादीत हवा अगदी कमी भरायची असते, सीटपासून जेमतेम वर उचललं जाण्याइतकी. टम्म फुगवली तर माणूस तिच्यावर डगमगतो. टॅक्सीवाले वापरतात ते लाकडी मण्यांचं आसनही उन्हाळ्यात चांगलं, कारण खालून हवा खेळती राहते.

जुन्या गाड्यांत एक गुण होता. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चं सीट लांब आणि सपाट होतं. कंटाळा आला की माणूस चार बोटं मागे सरकायचा, पुन्हा पुढे यायचा. भाराची जागा बदलली की दबलेल्या भागात रक्त पुन्हा खेळतं. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढचं सीट खोलगट आणि मागचं वर चढवलेलं असतं. दिसायला रुबाबदार, पण चालवणारा एकाच जागी खिळून राहतो. म्हणून तासाभराने थांबावं आणि पाच मिनिटं चालावं. मागच्या खिशातलं पाकीट पुढे घ्यावं. मागे माणूस बसणार असेल तर शॉकॲब्सॉर्बर पान्याने एक-दोन खाचा कडक करून घ्यावेत. खड्ड्याचा दणका पेलणं हे त्यांचं काम आहे, सीटचं नव्हे. इतकं करूनही उतरल्यावर बधिरपणा टिकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि आता मागे बसणाऱ्या माणसाबद्दल. आपल्याकडे ती बहुधा बाई असते, साडीत असते आणि एका बाजूला पाय सोडून बसलेली असते. तिचा बराचसा भार एकाच हाडावर, पाठ पिळलेली, शिवाय ती मागच्या चाकाच्या वरच बसलेली, त्यामुळे प्रत्येक दणका तिला चालवणाऱ्यापेक्षा जास्त लागतो. केंद्रीय मोटर वाहन नियम १२३ नुसार तिच्यासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायची जागा आणि निदान अर्धं चाक झाकणारी जाळी असावीच लागते. ती बसते त्या गादीचा विचार मात्र कुणी करत नाही. पायांत सलवार किंवा पँट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं तिच्या पाठीसाठी आणि जिवासाठीही बरं. पण ती कशीही बसो, मागचं सीट सपाट, रुंद आणि न घसरणाऱ्या रेक्झिनचं असलंच पाहिजे.

दिवाळीआधी सीटवाल्यांकडे गर्दी होते, त्यामुळे आत्ताच जाऊन या. आणि जाताना मागे बसणाऱ्या माणसाला बरोबर न्या. तिचंही माप घ्यायला सांगा, तात्पुरत्या कव्हरवरच्या त्या फेरीला तिलाही बसवा आणि तिने ‘बरं आहे’ म्हटल्याशिवाय शिलाई मारू देऊ नका.