परसातील रानफुले आणि कॅमेरा

एके काळी कॅमेरा ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती. आज मोबाईलच्या रूपाने तो जवळजवळ प्रत्येक घरात येऊन बसला आहे. लग्नकार्य, वाढदिवस, गोकाकचा धबधबा, आंबोलीचे धुके या सर्वांची छायाचित्रे आपण हौसेने काढतो. परंतु ज्या पाऊलवाटेने आपण रोज शाळेत येतो तिच्या दोन्ही बाजूंना उगवणाऱ्या वनस्पतींचे एक तरी छायाचित्र आपल्या संग्रही आहे काय? मला वाटते, दहांपैकी नऊ जणांना या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. माझे मत असे आहे की, खेड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कॅमेऱ्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. मात्र ते छायाचित्रण नुसत्या हौसेचे न राहता नोंदीचे झाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, ‘तणाचे कसले छायाचित्र काढायचे? ते तर दर पावसाळ्यात उगवतेच!’ हा समज आता खरा राहिलेला नाही. बांध यंत्राने सपाट होत आहेत, उरलेल्या बांधांवर तणनाशके फवारली जात आहेत, आणि जांभ्या दगडांच्या ज्या जुन्या गडग्यांच्या फटींतून नेचे आणि रानतेरडे डोकावत असत, तेथे सिमेंटच्या भिंती उभ्या राहत आहेत. मोकळ्या राहिलेल्या जागी अमेरिका खंडातून आलेली घाणेरी आणि गाजरगवत पाय पसरून बसली आहेत. आपल्या खानापूर तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले, त्यामुळे अरण्यातील जीवांना काही आधार मिळाला. परंतु बांधावरच्या केन्याला, कुर्डूला, भुईरिंगणीला कोणते अभयारण्य आहे? त्यांचे रक्षण करायचे तर ते त्यांच्या शेजाऱ्यांनीच, म्हणजे आपणच, केले पाहिजे. आणि ज्याची ओळखच नाही त्याचे रक्षण कोण करणार?

ही ओळख पूर्वी सणांच्या निमित्ताने आपोआप होत असे. गणेशपूजेसाठी पत्री गोळा करायला निघालेल्या मुलाला आघाडा कोणता, माका कोणता, डोरली कोणती हे कळावेच लागे. गौरीसाठी तेरडा आणावा लागे, आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्या रोपाकडे पाहिल्यावर निराळी समजावून सांगावी लागत नसे. आता पत्रीची जुडी बाजारातून विकत येते आणि तिच्यातील पाने कशाची आहेत हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. वनस्पती लोपण्यापूर्वी तिचे नाव लोपते, आणि नाव लोपले की तिच्या जाण्याची कोणाला वार्ताही लागत नाही.

वनस्पती आणि छायाचित्रण यांचा संबंध फार जुना आहे. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स या विदुषीने १८४३ साली सागरी शैवालांच्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिने कॅमेरा वापरलाच नव्हता. रासायनिक लेप दिलेल्या कागदावर वनस्पती ठेवून तो कागद उन्हात धरला की तिची पांढरी आकृती निळ्या पार्श्वभूमीवर उमटत असे. छायाचित्रांनी सजलेला जगातील पहिला ग्रंथ तो हाच, असे मानले जाते. छायाचित्रकलेने अगदी बाल्यावस्थेतच वनस्पतींकडे धाव घेतली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडील वनस्पतींच्या नोंदींचा इतिहास तर त्याहूनही मागे जातो. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. तो सिद्ध करविला कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान रीडने. परंतु त्यातील ज्ञान इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य यांच्याकडून आले होते. या तिघांची कोंकणी भाषेतील साक्ष त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. पुढे थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. त्याही ग्रंथात शास्त्रीय नावांसोबत देशी नावे दिलेली आहेत. सांगण्याचा हेतू एवढाच की, पंडितांचे हे थोर ग्रंथ गावकऱ्यांच्या तोंडची नावे टिपल्यावाचून पुरे झाले नाहीत.

आता ही नोंद कशी करावी? फुलाच्या एका सुंदर चित्राने काम भागत नाही. प्रथम सबंध रोप टिपावे. मग खोडावर पाने कशी लागली आहेत ते टिपावे, पानाची वरची व खालची अशा दोन्ही बाजू टिपाव्यात, फूल समोरून व कडेने टिपावे, आणि फळ धरले की पुन्हा जावे. आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी किंवा एखादे नाणे ठेवावे. छायाचित्राखाली दिनांक, गाव, जागा आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव लिहावे. केन्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटून जाते, म्हणून त्याच्या भेटीस सकाळीच गेले पाहिजे. कळलावीच्या पाकळ्या दिवसागणिक पिवळ्याच्या तांबड्या होत जातात, म्हणून तिच्या एकाच फुलाकडे चार-सहा दिवस लागोपाठ जावे लागते. असे केल्याने चित्रे तर मिळतातच, शिवाय बसून, वाकून, थांबून पाहण्याची सवय जडते.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. कॅमेरा माणसाची दृष्टी आळशी करतो, एकदा बटण दाबले की पाहण्याचे काम संपले असे त्याला वाटू लागते, असे काही जाणते शिक्षक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून माझी सूचना अशी की, महिन्यातून निदान एका वनस्पतीचे चित्र आधी पेन्सिलीने वहीत काढावे आणि मगच कॅमेरा हाती घ्यावा. पाकळ्या पाच की सहा, पानाची कड अखंड की दातेरी, हे प्रश्न हाताने रेखाटतानाच मनात उभे राहतात.

आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. छायाचित्र दाखवताच वनस्पतीचे नाव सांगणारी साधने आता मोबाईलवर मिळतात. ती उपयुक्त आहेत, पण चुकतातही. त्यांच्या भरवशावर कोणतेही पान, फळ वा कंद तोंडात घालू नये. दिसायला इतकी देखणी असलेली कळलावी अत्यंत विषारी असते, आणि तिचा कंद तर प्राणघातक ठरतो. तसेच एखादी दुर्मीळ आमरी आढळली तर तिची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नये; कारण अशा वनस्पती उपटून नेणारे लोकही असतात. चित्र घ्यावे, रोप जागच्या जागी राहू द्यावे.

शेवटी एक सूचना शाळेपुढे ठेवतो. प्रत्येक शाळेने आपल्या परिसराची एक वनस्पती-नोंदवही सुरू करावी आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकांच्या साहाय्याने अशी नोंदवही करणे अपेक्षितच आहे. त्या कामाला शाळेचा हातभार लागेल. सह्याद्रीतील कारवी साधारणपणे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. पाचवीत आलेला मुलगा दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत तिचा बहर त्याला दिसेलच असे नाही. परंतु शाळेच्या वहीत एका बहराची तारीख लिहिलेली असली, तर पुढील बहराची वाट कोणीतरी पाहील.

आपल्या सीमाभागात या वहीला आणखी एक महत्त्व आहे. पहिल्या पावसानंतर ज्याची भाजी करतात त्या टाकळ्याला कोंकणीत तायकिळो म्हणतात, कन्नडमध्ये तगचे म्हणतात. आपली रुई कन्नड शेजाऱ्याची एक्क होते, आणि आघाडा उत्तराणी होतो. ही सर्व नावे एकाच पानावर शेजारी शेजारी लिहावीत. मराठीचा अभिमान धरणाऱ्याने आपल्या भाषेतील नावे तर जपावीतच. पण ज्या बांधावर ती वनस्पती उगवते त्या बांधाच्या पलीकडचा शेतकरी तिला काय म्हणतो, हेही त्याने विचारावे. त्यात आपल्या भाषेचे काही उणे होत नाही.

येत्या मृगात हे काम सुरू करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराभोवतीच्या अवघ्या पाच वनस्पती निवडाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि आजी-आजोबांना त्यांची नावे विचारावीत. आजीला ठाऊक असलेले नाव आज लिहून घेतले नाही, तर उद्या ते कोणाला विचारायचे?