महायुद्धातली विमानं जमिनीत गाडली आहेत? दाव्यावर विश्वास ठेवण्याआधी हे वाचा

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात आकाशात पेटत्या रेषा दिसल्या आणि लाडबोरी गावात धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. आधी उल्कापाताची चर्चा झाली. पण वस्तू समोर होती. पोलिसांनी ती ताब्यात घेतली, इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. पडण्याची वेळ आणि मार्ग ताडून पाहिल्यावर हे चीनच्या रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

वस्तू, नोंद आणि तपासणी. महायुद्धातली विमानं पेट्यांत भरून जमिनीत पुरली आहेत, या दाव्यात नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

म्यानमारमध्ये काय झालं?

इंग्रजांनी १९४५-४६ मध्ये रंगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर डझनावारी स्पिटफायर विमानं पेट्यांसकट पुरली, असा दावा डेव्हिड कंडॉल या ब्रिटिश शेतकऱ्याने केला. अनेक वर्षं त्याने हा शोध घेतला. विषय ब्रिटनच्या पंतप्रधानांपर्यंत गेला, एका व्हिडिओ गेम कंपनीने पैसा पुरवला. जानेवारी २०१३ मध्ये खोदकाम झालं. विमान एकही निघालं नाही.

त्याच मोहिमेतल्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली. त्या काळात रंगूनच्या बंदरात फक्त ३७ विमानं उतरल्याची नोंद सापडली. त्यात पेटीबंद स्पिटफायर एकही नव्हतं. पेटीबंद स्पिटफायर तिथे पुरलेच गेले नाहीत, असं शेवटी मोहिमेला पैसा देणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं.

मग नको असलेल्या विमानांचं काय केलं?

उत्तर भारतातच आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर बॉम्बर विमानं मोडतोड करून उघड्यावर टाकून दिली होती. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने त्यातली सुमारे ४० दुरुस्त केली आणि ती हवाई दलात उडाली. टाकून द्यायचं विमान तेल लावून, पेटीत भरून, खोल खड्ड्यात पुरण्याचा खटाटोप कोण करेल?

विदर्भात अशी गोष्ट पटकन पटते, कारण तिला थोडा आधार आहे. नागपूरचं सोनेगाव महायुद्धात वापरात होतं, गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही त्याच काळातली. पण धावपट्टी होती म्हणजे खाली विमान आहे, हे सिद्ध होत नाही.

यंत्राने ‘धातू आहे’ सांगितलं तर?

यंत्र धातू दाखवतं, विमान नाही. विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबक ओढत नाही. उलट सूरजागड, लोहारा या भागांत लोहखनिजच आहे. तिथे चुंबकीय सिग्नल मिळाला तर नवल नाही.

पुरलेलं विमान कधीच सापडत नाही, असंही नाही. १९४२ मध्ये ग्रीनलँडच्या बर्फावर उतरवावं लागलेलं अमेरिकी लढाऊ विमान १९९२ मध्ये सुमारे ८० मीटर खोलीवरून बाहेर काढलं. पण तिथे वैमानिक जिवंत परतले होते आणि उतरल्याची तारीख, जागा नोंदलेली होती.

धोका कुठे आहे?

गुप्तधनाच्या नादात लोक कर्जबाजारी होतात, भोंदूंच्या हाती सापडतात. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. विमानाची गोष्ट त्याच जातीची, फक्त सोन्याच्या हंड्याऐवजी इंजिन. राखीव जंगलात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. गडचिरोलीत तर नक्षलवाद्यांनी पुरलेली स्फोटकं पोलिसांना वेळोवेळी सापडली आहेत. तिथे अनोळखी धातूवर कुदळ मारणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून असा दावा करणाऱ्याला पैसे देण्याआधी, मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. विमानाचा क्रमांक काय? कोणत्या तुकडीच्या नोंदीत ते आहे? हे कोणी तपासलं? उत्तर ‘आजोबा सांगायचे’ एवढंच असेल तर ती गोष्ट जरूर ऐका, पण फावडं घरीच ठेवा. आणि खरंच काही सापडलं, तर लाडबोरीत झालं तेच करा. हात लावू नका, पोलिसांना कळवा.